रिप्लेसमेंट

रविवारी भाचा जेवायला आला होता. मी सहज विचारलं, "डिसेंबरात मार्व्हलचा 'डूम्सडे' येतोय, तिकिटं काढायची ना?" फोनमधून मान वर न करता म्हणाला, "बघू रे मामा. ओटीटीवर येईलच की."

हा तोच मुलगा. एप्रिल २०१९ मध्ये 'एंडगेम'च्या सकाळी सहाच्या शोसाठी त्याने मला पहाटे पावणेपाचला गदागदा हलवून उठवलं होतं. नौपाड्यातून हायवेवरच्या मॉलला निघालो तर रिक्षावाला म्हणाला, "एवढ्या पहाटे मॉलमध्ये काय फुकट वाटतायत?" टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, गेला तेव्हा हा पंधरा वर्षांचा घोडा टी-शर्टात तोंड खुपसून हुंदके देत होता आणि पॉपकॉर्नचा डबा माझ्या मांडीवर. बाहेर आल्यावर कुंजविहारचे दोन वडापाव मात्र सुतकातही खाल्ले.

तर सात वर्षांत असं काय झालं?

नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. आयर्न मॅन गेला, कॅप्टन अमेरिका म्हातारा झाला, ब्लॅक विडो नताशा गेली, ब्लॅक पँथर करणारा चॅडविक बोसमन तर ऑगस्ट २०२० मध्ये कॅन्सरने खरोखरच गेला. चेहरेच उरले नाहीत, मग मार्व्हल संपणारच. मला हे पटत नाही. निदान ठाण्यात राहणाऱ्या, गडकरी रंगायतनच्या तिकीटखिडकीवर वाढलेल्या माणसाला तरी पटू नये.

'नटसम्राट' १९७० साली आलं. अप्पा बेलवलकर म्हणजे श्रीराम लागू, हे समीकरण एवढं घट्ट की दुसरं कोणी ते करील अशी कल्पनाही लोकांना करवत नव्हती. पण दत्ता भटांनी केलं, सतीश दुभाषींनी केलं, यशवंत दत्तांनी केलं. आमच्या आईने लागूंचाही प्रयोग पाहिला होता आणि भटांचाही. सरस कोण यावर तिचं आणि मावशीचं आयुष्यभर एकमत झालं नाही. दिवाळीत फराळाच्या ताटावर तो विषय निघाला की चकल्या थंड. पण भांडण व्हायचं ते अप्पा कोणी 'कसा केला' यावर. नाटकच बंद पडायला हवं होतं, असं दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. भक्ती बर्वे गेल्या, पुढे फुलराणी अमृता सुभाषने केली, हेमांगी कवीने केली. भूमिका मोठी असेल तर ती माणसाच्या मागेही उरते.

मार्व्हलला हे कळत नव्हतं असंही नाही. पहिल्या 'आयर्न मॅन'मधला त्याचा दोस्त ऱ्होडी टेरेन्स हॉवर्ड होता, २०१० च्या दुसऱ्या भागात डॉन चीडल आला. एडवर्ड नॉर्टनचा हल्क मार्क रफालोकडे गेला. विल्यम हर्ट वारले, तर जनरल रॉस हॅरिसन फोर्डने केला. आभाळ कोसळलं नाही. नॉर्टन हल्क होता हे निम्म्या पोरांना ठाऊकही नसेल.

मग अडलं कुठे? तालमीत.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी एकदा रिप्लेसमेंट केलीय. एकांकिकेतला नायक तीन दिवस आधी बाइकवरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये. त्याचा कोट मला दोन माप मोठा, पाठीत सेफ्टी पिना लावून आवळलेला. अर्धे संवाद हातातल्या वर्तमानपत्राच्या आत चिकटवले होते. मध्येच पंख्याने पान उलटलं आणि मी दुसऱ्या प्रवेशातलं वाक्य पहिल्यात बोललो. शेजारच्या काकू प्रसाद देताना म्हणाल्या, "छान केलंस हो. पण तो बरा होता." त्यांचं चूक नव्हतं. तीन दिवसांत कोण उभा राहणार?

मार्व्हलने नेमकं हेच केलं, फक्त खर्च प्रचंड करून. २०१२ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'आधी चार वर्षांत पाच सिनेमे आले. म्हणजे माणसं आपल्या ओळखीची झाली आणि मग एकत्र आली. आता बघा. एकट्या २०२१ मध्ये चार सिनेमे आणि पाच मालिका! नवा चेहरा आला, ओळख होतेय तोवर पुढचा. शांग-ची त्याच वर्षी आला, मला मनापासून आवडला होता, आणि त्याचा दुसरा भाग अजून नाही. सॅम विल्सनच्या हातात कॅप्टन अमेरिकाची ढाल दिली २०१९ ला. मध्ये एक मालिका झाली, पण कॅप्टन अमेरिका म्हणून त्याचा स्वतःचा सिनेमा यायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. ढाल काय लग्नातला आहेर आहे, माळ्यावर ठेवायला?

बोसमनच्या बाबतीत मी जरा अडखळतो. त्याच्या जागी दुसरा टचाला (ब्लॅक पँथरचं खरं नाव, वाकांडाचा राजा) न घेण्याचा निर्णय माणुसकीचा होता, आणि 'वाकांडा फॉरेव्हर'ची सुरुवातीची अंत्ययात्रा बघताना माझाही घसा दाटला. पण टचालाही त्याच्याबरोबर संपवायला नको होता. काळ्या पोरांना इतक्या वर्षांनी एक राजा मिळाला होता. दोन वर्षं थांबून दुसरा नट उभा केला असता तर काकूंसारखे लोक "तो बरा होता" म्हणाले असते, आणि पुढच्या प्रयोगालाही आले असते.

आणि आता हे 'डूम्सडे'मधल्या खलनायकाचं, डॉक्टर डूमचं प्रकरण. जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला हिरव्या झग्यातल्या माणसाने मुखवटा काढला आणि आत कोण, तर आपला टोनी स्टार्क, रॉबर्ट डाउनी ज्युनिअर. सभागृह वेडं झालं. मीही यूट्यूबवर तो क्षण चार वेळा पाहिला, खोटं कशाला बोलू. पण पाचव्यांदा बघताना वाटलं, अरे, ही तर शरणागती आहे. टोनी दुसऱ्या कोणाला द्यायची हिंमत नाही, नवा कोणी घडवायचा धीर नाही, म्हणून जुन्याच नटाला खलनायकाचा मुखवटा. डूम ही केवढी तालेवार भूमिका! तिला स्वतःचा नट मिळायला हवा होता. आता तो मुखवटा काढील तेव्हा प्रत्येकाला आत टोनीच दिसणार.

गल्ला जमेल, त्याची मला काळजी नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. डाउनी साठी ओलांडलेला माणूस. तो परत गेला की पुन्हा तेच रिकामं नेपथ्य.

भाच्याला हे सगळं जेवताना ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, ताट उचललं आणि म्हणाला, "सहाचा शो असेल तर सांग. पण या वेळी तू मला उठवायचं."