कीबोर्ड आपोआप सिग्नल पाठवून राहिला? केबल घ्यायच्या आधी हे वाचा

आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या ग्रुपांत आठवडाभर एकच फॉरवर्ड फिरून राहिला आहे. म्हणे मिडी कीबोर्ड (कोणती की दाबली, किती जोरात, हे आकड्यांत कंप्युटरले सांगणारा वाजवायचा कीबोर्ड) हात न लावता सिग्नल पाठवत असेल तर केबल हलकी आहे, सोनेरी टोकाची शील्डवाली घ्या. कूलरची करंट तारेत शिरते आणि तिचेच नोट बनते. नॉबमध्ये गंज काढायचा स्प्रे मारा. तरी थांबलं नाही तर आतला सर्किट बोर्ड गेला. काय बाप्पा! आणि लोक हे वाचून खरंच नागपूरच्या सीताबर्डीत केबल शोधत फिरून राहिले.

केबलचं घ्या. यूएसबीवर प्रत्येक पाकिटासोबत तपासणीचा आकडा जाते, तो जुळला नाही की ते पाकीट बाद, परत पाठवा लागते. म्हणून केबल खराब असली तर कीबोर्ड मधेच डिस्कनेक्ट होईल, पण मॉड्युलेशनचा (आवाज थरथरवायच्या चाकाचा) आकडा ६३-६४-६३-६४ असा शिस्तीत हलणार नाही. जुन्या पाच पिनवाल्या मिडीत, म्हणजे १९८३ वालं, तशी तपासणी नसते हे कबूल, पण तिथं घेणाऱ्या बाजूला ऑप्टोआयसोलेटर असते, सिग्नल उजेडानं पलीकडे जाते. १५ मीटरच्या वर तार ओढली असेल तर मग बोलू.

कूलरची गोष्ट अर्धी खरी आहे. अर्थिंग खराब असलं की स्पीकरमध्ये हम्म येते, लग्नाच्या हॉलात आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण ते ऑडिओत. मिडीतून आवाज जातच नाही भाऊ, नुसते आकडे जाते. हां, भंगार चार्जर किंवा यूएसबी हबमुळे नॉबचा आकडा थोडा थरथरू शकते, तर लॅपटॉप बॅटरीवर घ्या, कीबोर्ड सरळ लॅपटॉपला लावा, दोन मिनिटात समजते.

मग येते कुठून? हे कोणी पाहतच नाही! कीबोर्ड काय पाठवते ते दाखवणारं सॉफ्टवेअर असते, विंडोजवर मिडी-ऑक्स फुकट आहे, मॅकवर मिडी मॉनिटर, उघडा आणि हात न लावता बसा. २५४ नंबर सारखा येत असेल तर तो ॲक्टिव्ह सेन्सिंग, कीबोर्ड फक्त 'मी आहो' सांगून राहिला. २४८ म्हणजे क्लॉक, ठेका जुळवायचा सिग्नल, एका बीटला २४ वेळा. दोन्हीला घाबरायचं काम नाही. सीसी म्हणजे कंट्रोल चेंज, नॉब-पेडलचा मेसेज. सीसी ६४ दिसला तर सस्टेन पेडल (पायानं नोट लांबवायचं) काढून पाहा. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची उलट-सुलट दिशा ठरवते, तेव्हा पाय पेडलवर असला की सगळं उलटं, पाय उचलला की नोट लटकते. मी स्वतः एका कार्यक्रमात पंधरा मिनिटं घाम गाळला आणि शेवटी चूक माझ्या पायाची निघाली.

आणि एकच सीसी दोन आकड्यांत नाचून राहिला असेल तर तो नॉब किंवा फेडर (सरकवायची पट्टी). आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवलं की आकडा बदलवणारा भाग असते, त्याची कार्बनची पट्टी घासते, वरून आपल्या मे महिन्यातली धूळ. नॉब नेमका दोन आकड्यांच्या मधात थांबला की आकडा इकडे-तिकडे होत राहते. माझ्या ४९ कीजवाल्याचा सीसी ७४ असाच नाचायचा, फिल्टर आपोआप उघडायचा म्हणजे आवाज तीक्ष्ण व्हायचा, मी महिनाभर सॉफ्टवेअरले शिव्या घातल्या.

यावर तो गंजवाला स्प्रे? काहून पण? तेलाचा थर राहते, त्यावर आणखी धूळ चिकटते. आधी पॉवर बंद करून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा, बरेचदा एवढ्यानंच होते. नाही झालं तर प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर, थोडासाच. एखादी की दोनदा वाजते किंवा एकदम जोरात वाजते तर खालच्या रबरच्या पट्टीचा कॉन्टॅक्ट, तो आयसोप्रोपाइलनं पुसा आणि पूर्ण सुकू द्या, कूलरसमोर नाही, तिथं ओल असते.

बोर्ड जाऊ शकते, नाही म्हणत नाही. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये एकच सीसी दिसून राहिला आणि बाकी सगळं बरोबर चालते तर बोर्ड कसा गेला? माझा पोटेन्शिओमीटर शेवटी बदलावा लागला, गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांनी सोल्डर करून दिला, आणि केबल अजून तीच जुनी, टेप लावलेली.