मान-व्हिटनी चाचणी मध्यकांची तुलना करत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. थिसिस जमा करायचे दिवस आले की तो हमखास वर येतो. त्याचा मजकूर साधारण असा: "सर्वेक्षणाचा डेटा नॉर्मल नसेल तर टी-टेस्ट विसरा. दोन गट असतील तर मान-व्हिटनी, जास्त असतील तर क्रुस्कल-वॉलिस लावा. या चाचण्या गटांच्या मध्यकांतला फरक तपासतात. पी 0.05 च्या खाली गेला की ज्याचा मध्यक मोठा तो गट सरस. पी जितका लहान तितका फरक मोठा. नॉन-पॅरामेट्रिक असल्यामुळे कसलीही अट नाही, नमुना कसा घेतला हेही बघावं लागत नाही."

टी-टेस्ट म्हणजे दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी चाचणी, आणि नॉर्मल म्हणजे आलेख घंटेच्या आकाराचा. त्या पहिल्या वाक्यावरही बरंच बोलता येईल, पण ते आज सोडून देऊ. बाकीची वाक्यं मात्र चुकीची आहेत. ती जशीच्या तशी थिसिसमध्ये उतरतात आणि मग शेतकऱ्यांच्या उत्पन्नाबद्दल भलतेच निष्कर्ष छापले जातात, म्हणून एकेक घेऊन बोलायला हवं. मध्यक म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, आणि पी म्हणजे गटांत खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.

"या चाचण्या मध्यकांतला फरक तपासतात."

सगळ्या गोंधळाचं मूळ हे वाक्य आहे. उदाहरणासाठी कपाशीचे एकरी क्विंटल घेऊ. आकडे मी बनवलेले आहेत, हिशोब प्रत्येकाने करून बघावा. गट अ मधले पाच शेतकरी: 1, 2, 6, 7, 8. गट ब मधले पाच: 3, 4, 5, 10, 11. अ चा मध्यक 6, ब चा 5. मध्यक बघाल तर अ पुढे.

आता मान-व्हिटनी काय करते ते पाहा. अ मधल्या प्रत्येकाची ब मधल्या प्रत्येकाशी कुस्ती लावते आणि कोण किती वेळा जिंकला ते मोजते. एकूण जोड्या 25. अ मधले 1 आणि 2 क्विंटलवाले एकही कुस्ती जिंकत नाहीत. 6, 7 आणि 8 वाले प्रत्येकी तीन जिंकतात, कारण ब मधले 3, 4, 5 त्यांच्या खाली आहेत. म्हणजे अ च्या 9 आणि ब च्या 16. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या तक्त्यात 'मीन रँक' म्हणून, म्हणजे सगळ्यांना चढत्या क्रमाने लावून दिलेल्या क्रमांकांची (रँकची) सरासरी म्हणून, अ समोर 4.8 आणि ब समोर 6.2 दिसेल. चाचणीच्या हिशोबात ब पुढे आहे.

दहा जणांत पी काही लहान येणार नाही. पण हेच आकडे दहा-दहा वेळा आले, म्हणजे प्रत्येक गटात 50 शेतकरी असले, तर पी 0.015 च्या आसपास येतो. मेसेज प्रमाण मानणारा विद्यार्थी काय लिहील? "गट अ चा मध्यक लक्षणीयरीत्या जास्त, म्हणून अ सरस." चाचणी सांगतेय ब, आणि तिचाच दाखला देऊन थिसिसमध्ये छापलं जातं अ.

आर हे सांख्यिकी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. आरमध्ये हीच चाचणी विलकॉक्स.टेस्ट नावाने आहे. तिच्यात कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाजाची खालची-वरची मर्यादा) मागितला की 'डिफरन्स इन लोकेशन' असा एक आकडा येतो आणि बरेच जण तो मध्यकांतला फरक म्हणून उचलतात. तो असतो सगळ्या जोड्यांमधल्या फरकांचा मध्यक. वरच्या पाच-पाच शेतकऱ्यांसाठी तो उणे 2 येतो. मध्यकांतला फरक आहे अधिक 1. आरच्या मदतपानावर हा भेद स्पष्ट लिहिलेला आहे, पण ते पान उघडतं कोण.

उलट बाजूही बघा. ठिबकबद्दल किती समाधानी आहात, 1 ते 5 मध्ये सांगा, असा प्रश्न दोन तालुक्यांत शंभर-शंभर जणांना विचारला असं धरू. पहिल्या तालुक्यात 5 म्हणणारे 10, 4 म्हणणारे 50, 3 म्हणणारे 30 आणि 2 म्हणणारे 10. दुसऱ्यात 5 म्हणणारे 40, 4 म्हणणारे 50, 3 म्हणणारे 10. दोन्हीकडे मध्यक 4. तरी पी इतका लहान येतो की सॉफ्टवेअर 0.000 दाखवतं. मग प्रश्न येतो, "सर, मध्यक सारखेच आहेत, तरी सिग्निफिकंट कसं?" बिघाड काहीच नाही. दुसरा तालुका खरोखर जास्त समाधानी आहे, चाचणीने ते बरोबर पकडलं आहे. फक्त ते मध्यकात दिसत नाही.

चाचणीचा खरा प्रश्न तिच्या जन्मापासून ठरलेला आहे. फ्रँक विलकॉक्सन यांनी रँकची कल्पना 1945 मध्ये मांडली. मान आणि व्हिटनी यांनी 1947 च्या लेखात ती पुढे नेली, आणि त्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न आहे तो एक चल दुसऱ्यापेक्षा संभाव्यतेच्या अंगाने मोठा आहे का, हा. ढोबळमानाने, जोड्या लावल्या तर बहुतेक वेळा तोच पुढे असतो का.

मेसेज खरा ठरेल अशी एक परिस्थिती आहे. दोन्ही गटांच्या आलेखाचा आकार आणि पसारा तंतोतंत सारखा असेल आणि एक गट नुसता पुढे सरकलेला असेल, तर या चाचणीचा निकाल मध्यकांनाही लागू होतो. खानदेशात असा डेटा कुठे मिळणार? कोरडवाहू कपाशीवाल्यांचे आकडे खाली दाटीवाटीने बसलेले असतात, बागायतदारांचे लांबवर पसरलेले. रावेर-यावलच्या केळीत मे-जूनचं वादळ ज्याच्या बागेवरून गेलं त्याची बाग आडवी होते, शेजारच्याची उभी राहते, आणि आलेखाला दोन उंचवटे येतात. ज्या दोन गटांची तुलना आपल्याला हवी असते त्यांचे आकार मुळातच वेगळे असतात. आधी दोन्ही गटांचे हिस्टोग्राम (किती नोंदी कुठे बसतात ते दाखवणारे स्तंभालेख) शेजारी शेजारी काढा, आकार सारखा आहे की नाही ते लगेच दिसतं.

"क्रुस्कल-वॉलिस लावली की कोणता गट वेगळा ते कळतं." मूळ मेसेजला कुणीतरी जोडलेलं हे शेपूट. कळत नाही. 1952 ची ही चाचणी एवढंच सांगते की सगळे गट एकसारखे नाहीत. कोणता वेगळा यासाठी डनसारखी पुढची चाचणी लागते, आणि तीही रँकचीच.

"पी जितका लहान तितका फरक मोठा." हेही नाही. तोच फरक ठेवून नमुना वाढवला की पी लहान होतो. फरकाचा आकार सांगायचा तर 25 पैकी 16, म्हणजे 64 टक्के जोड्यांत ब पुढे, असं लिहा. वाचणाऱ्यालाही ते कळतं.

"नमुना कसा घेतला हे बघावं लागत नाही." माझ्या मते मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे. नॉन-पॅरामेट्रिक म्हणजे वितरणाच्या, म्हणजे आलेखाच्या, आकाराची अट नाही; कसलीच अट नाही असं होत नाही. प्रत्येक नोंद दुसरीपासून स्वतंत्र हवी, ही अट मान-व्हिटनीलाही आहे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरची फड पद्धत आठवा: एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळे एकच पीक घेतात आणि पाणीही एकाच पाटाचं, पाळीपाळीने. तिथल्या दहा शेतकऱ्यांना विचारलं तर दहा स्वतंत्र उत्तरं मिळत नाहीत, बरीचशी एकच गोष्ट दहा तोंडांनी ऐकू येते. आठ गावं निवडून प्रत्येकी वीस घरं घेतली, तर सॉफ्टवेअर त्यांना 160 स्वतंत्र शेतकरी समजतं आणि पी खोटा लहान दाखवतं.

वजनांचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फाइलमध्ये प्रत्येक नोंदीला वजन, म्हणजे ती हिशोबात किती धरायची ते सांगणारा आकडा, दिलेलं असतं, ते 10,00,000 ने भागून वापरायचं असतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात हेच काम मल्टिप्लायर करतो. ही वजनं न घेता काढलेला मध्यक तुमच्या फाइलचा असतो, जिल्ह्याचा नाही.

मग करायचं काय? प्रश्न जोड्यांचा असेल, या गटातला माणूस त्या गटातल्या माणसापेक्षा बहुतेक वेळा पुढे असतो का, तर मान-व्हिटनी उत्तम चाचणी आहे, ती वापरा आणि निकाल त्याच भाषेत लिहा. प्रश्न मध्यकाचाच असेल तर मध्यकाचीच पद्धत घ्या. एसपीएसएसमधली मीडियन टेस्ट सोपी आहे, पण तिची ताकद कमी, म्हणजे खरा फरक तिच्या नजरेतून सुटण्याची शक्यता जास्त. कोएंकर आणि बॅसेट यांनी 1978 मध्ये मांडलेलं क्वांटाइल रिग्रेशन (मध्यक कशाने किती बदलतो ते मोजणारी पद्धत) त्याहून बरं, कारण त्यात जमीन आणि सिंचनही सोबत घेता येतं. आरमध्ये त्यासाठी क्वांटरेग पॅकेज आहे, फुकट आहे. वजनं आणि गावं हिशोबात धरायची तर सर्व्हे पॅकेज घ्या: मध्यकासाठी त्यात एसव्हीवाय-क्वांटाइल आहे, रँक चाचणीसाठी एसव्हीवाय-रँकटेस्ट. बूटस्ट्रॅप, म्हणजे आपल्याच नमुन्यातून पुन्हा पुन्हा नमुने उचलून अंदाज किती हलतो ते बघणं, करत असाल तर पुन्हा पुन्हा उचलायची ती गावं, सुटे शेतकरी नाहीत.

तक्त्यात प्रत्येक गटाची संख्या, मध्यक, पहिलं आणि तिसरं चतुर्थक (ज्यांच्या खाली अनुक्रमे 25 आणि 75 टक्के नोंदी येतात ते आकडे), आणि मध्यकांतल्या फरकाचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या. पी त्यानंतरच्या रकान्यात, कोणत्या चाचणीचा आहे ते नावानिशी लिहून.