पंधरा हजारांत सुखाचा संसार? तो तक्ता एकदा नीट बघू

'पंधरा हजारांत सुखाचा संसार: जमतं, फक्त इच्छा हवी!' हा मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला आणि शेवटी काकांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर ढकलला. खाली जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं. एरवी असलं काही मी वाचून पुसून टाकते. पण त्या ग्रुपमध्ये माझा मावसभाऊही आहे. तो वाकडला एका सोसायटीत सिक्युरिटी गार्ड आहे, बारा तासांची ड्यूटी करतो आणि थेरगावात एका खोलीत बायको नि दोन मुलांसह राहतो. ग्रुपवर तो काही बोलला नाही. मला वेगळा मेसेज केला, "ताई, हे वाच. आमचंच कुठं चुकतंय का?"

म्हणून हा खटाटोप.

मेसेजमध्ये सात मुद्दे आहेत आणि एक तक्ता. मुद्दे थोडक्यात असे: आमच्या वडिलांनी 1975 साली तीनशे रुपयांत सहा जणांचं घर चालवलं, आता तर रेशन फुकट आहे, पैसा मोबाइल, बिर्याणी आणि हप्त्यावरच्या बाइकमध्ये जातो, पगार दहा वर्षांत दुप्पट झालेत, शिल्लक पैसे एसआयपीत (म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यात) टाका आणि म्हातारपणी पाऊण कोटी घ्या, शहर परवडत नसेल तर गावी जा, आणि सातवा बायकांबद्दल. तक्ता चौघांच्या कुटुंबाचा: घरभाडं 3,500, किराणा 4,000, भाजी-दूध 1,500, वीज-गॅस 1,000, शाळा 500, प्रवास 500, औषधपाणी 0. एकूण 11,000, शिल्लक 4,000.

आधी तक्ताच घेते, कारण बाकीचं सगळं प्रवचन त्याच्या जिवावर उभं आहे.

पहिली गोष्ट, पंधरा हजार पगार असला की पंधरा हजार हातात पडतात हे कुणी सांगितलं? भावाची पगारपावती माझ्यासमोर आहे. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून 15,000. त्यातून पीएफ 12 टक्के म्हणजे 1,800, ईएसआय (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता) 113, व्यवसाय कर 200. हातात 12,887. पीएफ त्याचाच आहे, मान्य. पण पीएफमधून या महिन्याचं भाडं देता येत नाही. म्हणजे ज्या चार हजार शिलकीवर मेसेजवाल्यानं पाऊण कोटीचा इमला रचला, तिच्यातली निम्मी रक्कम संसार सुरू व्हायच्या आधीच गेली.

आणि हे पंधरा हजार किती तासांचे? मेसेजमध्ये तासांचा उल्लेखच नाही. 26 दिवस, रोज 12 तास म्हणजे महिन्याला 312 तास. तासाला 48 रुपये पडले. कायद्यानं जादा तासांना दुप्पट दर द्यायचा असतो, पण पावतीवर जादा तास दिसतच नाहीत, हजेरी एका पाळीची लागते. हा प्रकार त्याच्या एकट्याच्या बाबतीत घडतो असं मुळीच नाही. रात्री कुठल्याही सोसायटीच्या गेटवर विचारून बघा.

आता भाडं. 3,500 रुपयांत पिंपरी-चिंचवडमध्ये चार माणसांना दार लावता येईल अशी खोली कुठं मिळते ते मेसेजवाल्यानं पत्त्यासकट कळवावं. भाऊ 6,500 देतो. वर डिपॉझिट दिलंय, ते उसनं घेऊन. खोली दहा बाय बारा, मोरी आतच, संडास दोन बिऱ्हाडांत एक. लाइट बिल महावितरणचं येत नाही. घरमालकानं सबमीटर बसवलाय आणि युनिटला बारा रुपये घेतो. कमी वापरणाऱ्याला सरकारी दराचा जो फायदा असतो तो या भाडेकरूंपर्यंत पोचतच नाही. त्यात गॅस सिलिंडर साडेआठशेच्या पुढे. वीज-गॅस मिळून एक हजार? पंखा बंद ठेवून बसायचं का एप्रिल-मेमध्ये?

भाजी-दूध 1,500. अर्धा लिटर दूध रोज धरलं तरी महिन्याला नऊशेच्या आसपास जातात. उरले सहाशे. चार माणसांची भाजी रोज वीस रुपयांत. मंडईत वीस रुपयांत काय येतं हे लिहिणाऱ्याला माहीत नसेल, तर भाजी त्याच्या घरी दुसरंच कुणीतरी आणत असणार. प्रवास 500. पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, मासिक पासच जून 2025 पासून 1,500 रुपयांचा झालाय. तोही एका माणसाचा. इथंच तक्ता संपला खरं तर.

पण मला सर्वांत संताप आला तो शेवटच्या ओळीचा. औषधपाणी: शून्य. शेजारी कंसात लिहिलंय, 'सरकारी दवाखाना आहेच, शिवाय योग करा.'

ईएसआय आहे, हे खरं. योजना चांगली आहे, तिचं मोल मी कमी करत नाही. पण ती लागू व्हायला दहा माणसं कामाला असलेली जागा लागते, आणि पगाराची मर्यादा 21,000 रुपये, जी जानेवारी 2017 पासून तिथंच आहे. गॅरेजमध्ये, किराणा दुकानात, टपरीवर काम करणाऱ्या पोराला ती नाहीच. ज्याला आहे त्याचं ऐका. भावाच्या धाकट्याला पावसाळ्यात डेंग्यू झाला. नुकताच सोसायटीचा कंत्राटदार बदलला होता. नव्या कंत्राटदारानं ईएसआयमध्ये भावाचं नाव चढवलं, बायको-मुलांची नावं चढवायची राहिली. 'पुढच्या आठवड्यात होईल.' प्लेटलेट्स खाली जात असताना पुढचा आठवडा कुठून आणायचा? जवळच्या खासगी दवाखान्यात ठेवलं. पाच दिवसांचं बिल बावीस हजार. भिशी आधीच उचलली होती, वहिनीच्या बचतगटातून कर्ज काढलं, उरलेले तिच्या भावानं दिले. शिवाय त्या पाच दिवसांतले तीन खाडे. खाड्याचा पगार कापला जातो, आणि तिसऱ्या खाड्याला सुपरवायझर 'उद्यापासून दुसरा माणूस बघतो' म्हणतो. म्हणजे सरकारी रांगेतलं औषधही फुकट नसतं; अर्धा दिवस रांगेत गेला की अडीच-तीनशे रुपये त्याचे तिथंच गेले. तक्त्यात हे कुठल्या रकान्यात लिहू?

शून्य लिहिणाऱ्याला वाटतं आजारपण म्हणजे बेशिस्त. योग करा म्हणे. बारा तास उभं राहून आल्यावर.

आता एक गोष्ट कुरकुरत का होईना मान्य करते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2023-24 च्या घरगुती खर्च पाहणीत शहरातला माणशी सरासरी मासिक खर्च 6,996 रुपये निघाला, म्हणजे चौघांचा जवळपास 28 हजार. सरासरीत बंगलेवालेही येतात, म्हणून ती सोडून देऊ. त्याच पाहणीत शहरातल्या तळाच्या पाच टक्के लोकांचा माणशी खर्च 2,376 आहे. चौघांचे साडेनऊ हजार. तेव्हा पंधरा हजारांच्या आत लाखो घरं चालतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण चालतात कशी ते बघा. भावाच्या घरात वर्षाची ज्वारी गावाहून येते, आईबापाच्या दीड एकरातली. वहिनी सकाळी दोन घरची धुणीभांडी करते. मोठी मुलगी बारा वर्षांची आहे, ती धाकट्याला सांभाळते. कंत्राटदाराकडून दर दिवाळीला उचल घ्यायची आणि होळीपर्यंत फेडायची. दातदुखी गोळीवर निभवायची. पगारात जे भागत नाही ते या सगळ्यांनी मिळून भरून काढलेलं असतं. मग बाहेरून बघणारा म्हणतो, बघा, पंधरा हजारांत भागलं की. ज्वारीचे पैसे गावातल्या म्हाताऱ्यांनी भरले, भांड्यांचे वहिनीनं, आणि उचल फेडेपर्यंत कंत्राटदार बदलायची सोय नाही. पगारात भागलं असं म्हणायचं तर ते फक्त पगारात भागायला हवं ना?

बाकीचे मुद्दे भराभर उरकते.

रेशन फुकट. माणशी पाच किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत आहे, ते मोठं आहे, आणि त्यावर कितीतरी घरं तगली आहेत. पण महाराष्ट्रात शहरातल्या प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे हे धान्य मिळणाऱ्या घरासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये आहे. मेसेजवाल्याचेच पंधरा हजार गुणिले बारा करा: एक लाख ऐंशी हजार. नियमानं बघितलं तर त्याच्या या सुखी कुटुंबाला फुकट धान्य मिळतच नाही, त्यांचं कार्ड पांढरं. आपलाच पहिला आकडा आपल्याच दुसऱ्या मुद्द्याला खातोय, इतकंही लिहिताना लक्षात आलं नाही. आणि मिळालं तरी रेशनवर तूरडाळ नि तेल येत नाही.

वडिलांचे तीनशे रुपये. हा मुद्दा भावनेचा आहे म्हणून लोक गप्प बसतात. वडील परळच्या गिरणीत होते असं मेसेजमध्येच लिहिलंय. उत्तम. गिरणी कामगाराचा महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधलेला होता, तो युनियननं भांडून मिळवला होता. चाळीतल्या खोलीचं भाडं 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं गोठवलेलं होतं, काही रुपये महिना. मुलं पालिकेच्या शाळेत, आजारपण पालिकेच्याच केईएम रुग्णालयात. नोकरी कायम. यातली एक तरी गोष्ट आजच्या कंत्राटी गार्डला द्या आणि मग त्याला काटकसर शिकवा. वडील काटकसरी होते यात शंका नाही, माझेही होते. पण घर चाललं त्यात त्या कायद्यांचाही हात होता.

मोबाइल. गार्डची हजेरी ॲपवर लागते, गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ॲपवर होते, मुलीचा गृहपाठ शाळेच्या ग्रुपवर येतो. मोबाइल बंद केला तर नोकरी बंद. रिचार्ज 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा. बाइकचं म्हणाल तर ड्यूटी सकाळी सातला लागते आणि मेसेजवाल्यानं प्रवासाला पाचशे दिलेत, ज्यात पासही येत नाही. बिर्याणी खातात, हो. महिन्यातून एकदा. तंबाखू आणि दारूवर काही घरांत पैसा वाया जातो हेही खरं आहे, पण तो वाया जाणारा पैसा फक्त गरिबाच्याच घरात मोजायला निघणारे लोक मला फार मजेशीर वाटतात.

पगार दुप्पट झाले. इथं मी फार वाद घालत नाही, केंद्र सरकारचाच कागद ठेवते. 2024-25 ची आर्थिक पाहणी, जी जानेवारी 2025 मध्ये संसदेत मांडली गेली. तिच्यात महागाई वजा करून कमाईचे आकडे दिलेत. नोकरदार पुरुषाची महिन्याची सरासरी खरी कमाई 2017-18 मध्ये 12,665 होती, ती 2023-24 मध्ये 11,858 झाली. नोकरदार बाईची 10,116 वरून 8,855. स्वतःचा धंदा करणाऱ्या पुरुषाची 9,454 वरून 8,591. हे आकडे जुन्या किमतींच्या मापात आहेत, म्हणून लहान दिसतात. बघायचं आहे ते त्यांची दिशा. रोजंदारीवाल्यांची खरी मजुरी या काळात वाढली, तेही त्याच पाहणीत आहे, आणि ते मी लपवणार नाही. पण पगारी नोकरी, जिला आपल्याकडे 'सेटल झाला' म्हणतात, तिच्यातली कमाई सहा वर्षांत घटली. त्याच पाहणीनं बड्या कंपन्यांचा नफा 2023-24 मध्ये 22.3 टक्क्यांनी वाढला आणि रोजगार जेमतेम 1.5 टक्क्यांनी, असंही नोंदवलंय. काकांनी हा कागद ग्रुपवर ढकलला असता तर मी गुलाबाची फुलं पाठवली असती.

एसआयपी. चार हजार शिल्लक नाहीत, ते वर दाखवलं. तरी धरू. महिना चार हजार, बारा टक्के परतावा, पंचवीस वर्षं: साधारण 76 लाख. हिशेब बरोबर आहे. फक्त महागाई सहा टक्के धरली तर त्या 76 लाखांची आजच्या किमतीतली ताकद 18 लाखांच्या आतच भरते, आणि पंचवीस वर्षांत एकदाही डेंग्यू होता कामा नये.

गावी जा. गावात काय आहे? महाराष्ट्रात रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये होता. शंभर दिवस काम मिळालं, आणि पैसे वेळेवर आले, तर वर्षाचे 31,200. दीड एकरात दोघा भावांचा वाटा. माझा मावसभाऊ पुण्याला आला तो हौसेनं नव्हे.

सातवा मुद्दा बायकांच्या ब्यूटी पार्लरच्या खर्चाबद्दल आहे. त्याला मी उत्तर देत नाही. तो मुद्दा काकांनी काकूंना मोठ्यानं वाचून दाखवावा.