पणजीचं एफएम कुणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इतर वाचकांसाठी आधी तुमच्या टीकेचा गोषवारा देतो. गोव्यात गाण्यांचं एफएम खरं सुरू झालं ते खाजगी स्टेशनं आल्यावर, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, हा पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या आकाशवाणीवर अन्याय आहे, 'एमिसोरा द गोवा' या पोर्तुगीज काळातल्या रेडिओचं मी नावही घेतलं नाही, आणि खाजगीवाल्यांनी मुंबईची गाणी इथे आणून ओतण्यापलीकडे काही केलं नाही.

पहिला मुद्दा निमूट मान्य. चूक कशी झाली तेही सांगतो. आमचं घर फोंड्याजवळ, डोंगराच्या अगदी पोटात. आकाशवाणीची मिडियम वेव्ह डोंगराला जुमानत नाही, एफएम मात्र आडोसा आला की रुसतं. कॉलेजात असताना मोबाइलवर एफएम ऐकायचं तर इअरफोन खोचावाच लागायचा, कारण त्याची वायर हाच एरियल. ती वायर खिडकीच्या गजाला गुंडाळून, एक बोंडूक कानात धरून मी तासन् तास उभा असायचो. त्याच वेळी आत आईचा जुना ट्रान्झिस्टर फडताळावरून अभिषेकीबुवांचं नाट्यगीत खणखणीत ऐकवत असायचा. तो आकाशवाणीचा आवाज इतका सवयीचा होता की रेडिओच्या इतिहासात त्यालाही धरायचं असतं हे सुचलंच नाही. ज्यासाठी गजाला लटकलो तेच तेवढं लक्षात राहिलं.

एमिसोराचं मात्र मी मुद्दामच टाळलं होतं. ती पोर्तुगीज सरकारची वाहिनी, एफएमच्या कितीतरी आधीची. 18 डिसेंबर 1961 ला हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीच्या रेडिओ केंद्रावर हल्ला केला, तिथे ते पर्व संपलं. आणि एमिसोरा घ्यायची तर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 पासून सरहद्दीवरच्या रानातून गोवामुक्तीसाठी चालवलेलं गुप्त रेडिओ केंद्रही घ्यायला हवं. सहा वर्षांचं ते धाडस दोन ओळींत उरकणं मला जमणार नाही.

आता भांडणाचा मुद्दा. आकाशवाणी आपली आणि खाजगी स्टेशनं उपरी, ही तुमची विभागणी मला पटत नाही, कारण मधला एक टप्पा तुम्हीही गाळलात आणि मीही. 1993 पासून आकाशवाणीने आपल्या एफएमवरचे तास खाजगी कंपन्यांना विकायला काढले. मुंबई-दिल्लीसारख्या शहरांच्या त्या यादीत गोवाही होता. ट्रान्समीटर सरकारी, कार्यक्रम खाजगी! असे तास घेणाऱ्या टाइम्स समूहाच्या 'टाइम्स एफएम'चा हा कारभार जून 1998 मध्ये आटोपला. म्हणजे ज्याला तुम्ही उपरं म्हणता ते आधी सरकारी दारातूनच आत आलं होतं.

पुढे 2005 च्या धोरणानंतर पणजीला 98.3 मिर्ची, 92.7 बिग आणि 91.9 इंडिगो मिळाल्या. मुंबईची गाणी ओतली हे पहिल्या दोघींबाबत बऱ्याच अंशी खरं. इंडिगो इंग्रजी गाण्यांची, तिची बहीण बंगळुरूला, म्हणजे तिथे तुमचं नेमकं शहरच चुकलं! पण बोली लावून लायसन्स घ्यायचं, वर दरवर्षी उत्पन्नातला वाटा सरकारला भरायचा, आणि स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. गावातलं स्टेशन, पण गावात काय घडलं ते सांगायची सोय नाही. उरली गाणी, जाहिराती आणि निवेदकाची बडबड. त्या बडबडीत मला गोवा भेटायचा, फेरीबोटीची रांग, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार वगैरे. तेवढ्यासाठी तरी मी त्यांना पूर्ण निकालात काढणार नाही.

कोंकणी गाणी मी विसरलो, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत ते मात्र वर्मी लागलं. लोर्ना किंवा आल्फ्रेड रोझ ऐकायचे तर आमच्या घरी आल्तिनोचाच आधार होता, आणि त्याबद्दल माझ्या लेखात एक ओळ नाही. मराठीत लिहितो म्हणून ते सुटलं, ही काही सबब नव्हे. तो परिच्छेद आज नव्याने लिहायला घेतोय, चुकलेलं वाक्यही काढलंय.

एक विनंती. त्या काळी रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी अजून माळ्यावर आहेत असं तुम्ही म्हणता. त्यातली एखादी 1993 ते 98 मधली आहे का, खोक्यावर तारीख टाकलीय का, तेवढं बघाल? टेपरेकॉर्डर माझ्याकडे चालू आहे, गेल्याच महिन्यात त्याचा रबरी पट्टा बदलून घेतला.