खाऊचे पैसे, गुलाबी सायकल आणि माकडांचा दाखला

पालकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: अठरा वर्षांपर्यंत मुलांच्या हातात पैसा नको. द्यायचाच तर घरकामाच्या बदल्यात. मार्शमेलोच्या प्रयोगात (ही मऊ गोड गोळी आत्ता एक खा, नाहीतर थोडं थांबलास तर दोन) जे मूल थांबलं तेच पुढे यशस्वी झालं. आणि मुलाला गाडी, मुलीला बाहुली हा निसर्गच आहे, माकडांवरही सिद्ध झालाय.

‘हातात पैसा आला की मूल बिघडतं.’ बिघडतं ते मागेल तेव्हा मिळाल्यामुळे. सात वर्षांच्या मुलाला आठवड्याला २० रुपये पुरतात, पण वार पक्का हवा, समजा शनिवार. पाचाची चार नाणी द्या. नोट एकदा मोडली की गेली. नाणी एकेक करून जातात आणि उरलेली डोळ्यांसमोर राहतात. मातीच्या गल्ल्यापेक्षा काचेची किंवा प्लास्टिकची बरणी बरी, कारण गल्ला फोडेपर्यंत आत किती आहे ते कळतच नाही. या पैशातून काय यायचं तेही आधी ठरवा: स्टिकर, गोळ्या, छोटं खेळणं मुलाचं, वह्या, डबा, रिक्षाभाडं तुमचं. पहिली वस्तू ६० रुपयांच्या आतली निवडू द्या. आठवड्याला १५ टाकले तर चार शनिवारी येते. २५० रुपयांची वस्तू धरलीत तर १७ आठवडे लागतील, आणि त्या वयात तेवढा धीर कुणाला नसतो.

बिनसतं ते बुधवारी. पैसे संपतात, भोकाड पसरलं जातं आणि आजी हळूच दहाची नोट सरकवते. तिथे सगळं मुसळ केरात. उसने द्यायचेच असतील तर शनिवारी कापून घ्या, आणि खरोखर कापा. फालतू वस्तूवर उडवलेले वीस रुपये भरून देऊ नका. इतक्या स्वस्तात ही चूक पुन्हा करता येणार नाही.

अठराची अट तर बँकांनाही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा वर्षांपुढचं मूल, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, बचत खातं स्वतः उघडून चालवू शकतं. खरा धोका फोनमध्ये आहे. गेममधली नाणी विकत घेताना बरणी रिकामी होताना दिसत नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा आणि यूपीआयचा पिन मुलांसमोर टाकू नका.

‘घरकामाच्या बदल्यात द्या.’ १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका बालवाडीत, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. घरात याचं रूप ‘ताट उचलायचे किती देणार?’ असं असतं. ताट, अंथरूण, स्वतःचे बूट यांना मोल नको. रद्दी बांधणं, गाडी धुणं अशा जास्तीच्या कामाला देता येईल. मात्र दरपत्रक एकदा तपासा. मुलाने गाडी धुतली की २० रुपये आणि मुलीने पोळ्या लाटल्या की शाबासकी, असं तर होत नाही ना? भाऊबीजेलाही आईचीच नोट भाऊ ताटात टाकतो. त्याच्या बरणीतले दहा रुपये ओवाळणीत पडू द्या, आणि बहिणीलाही तिच्या बरणीतून त्याच्यासाठी काही आणू द्या.

‘मार्शमेलो.’ २०१८ मध्ये जास्त मुलं घेऊन पडताळणी झाली. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची कुवत हिशेबात धरल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध जवळजवळ विरला. त्याआधी, २०१३ मध्ये, २८ मुलांवर केलेला प्रयोग पालकांच्या जास्त कामाचा आहे. काही मुलांना चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं आणि दिले नाहीत. बाकीच्यांना खरोखर दिले. मग सगळ्यांसमोर मार्शमेलो ठेवला. फसवलेली मुलं सरासरी ३ मिनिटं थांबली, दुसरी १२. तुम्ही शनिवार चुकवलात की थांबण्यात राम नाही, हे मूल शिकतं.

‘माकडांवर सिद्ध झालंय.’ २००२ चा व्हर्वेट माकडांचा अभ्यास खरा आहे. नरांनी चेंडू आणि गाडी जास्त हाताळली, माद्यांनी बाहुली आणि भांडं. पण ज्या माकडिणीने जन्मात चूल पाहिली नाही, तिला भांडं ‘बायकी’ कसं कळलं? २००८ मध्ये ऱ्हीसस माकडांत नर चाकांच्या खेळण्यांकडे वळले, माद्यांनी मात्र चाकांची खेळणी आणि मऊ बाहुल्या यांत ठळक फरक केला नाही. मुलग्यांच्या आणि मुलींच्या आवडीत सरासरी फरक आढळतो, हे मान्य. पण सरासरीवरून तुमच्या घरातल्या एका मुलाचं खेळणं ठरत नाही.

रंगाचं तर विचारूच नका. जून १९१८ मध्ये एका अमेरिकी व्यापारी मासिकाने गुलाबी मुलग्यांचा, निळा मुलींचा असं छापलं होतं. आज उलट आहे, आणि त्याचा भुर्दंड पालकांना पडतो. ताईची गुलाबी सायकल धाकट्याला ‘चालत नाही’, म्हणून दुसरी येते. पहिलीच लाल किंवा पिवळी घ्या.

आणि पोराने साठवलेल्या साठ रुपयांत भातुकली उचलली तर? पैसे त्याचे, निवड त्याची. तुम्ही फक्त खोक्यावर आयएसआय खूण आहे का आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या घशात अडकेल असा तुकडा नाही ना, एवढंच बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ही खूण सक्तीची आहे. सूट आहे ती नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेच्या खेळण्यांना.