किल्ला अंगणात असतो, मग रेल्वे बंद खोलीत का?

मंडळी, आज माझ्या छोट्या मापाच्या रेल्वेच्या छंदाबद्दल जरा लांबलचक लिहितोय. सवडीनं वाचा.

दिवाळी जवळ आली की आमच्या गल्लीतली पोरं विटा, गोणपाट आणि माती गोळा करत फिरतात. गोणपाट चिखलात बुडवून विटांच्या ढिगावर टाकायचं, वरून आळीव पेरायचे, रोज पाणी शिंपडायचं. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा. मग मावळे मांडताना ठरलेलं भांडण: मावळा महादरवाज्यापेक्षा उंच कसा काय? लहानपणी आम्हीही हेच भांडलोय. ते भांडण मापाचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पण किल्ला आम्ही कधी खोलीत केला नाही. तो अंगणातच किंवा रस्त्याच्या कडेला. जाणारा-येणारा थांबायचा, वाकून बघायचा आणि हमखास एखादी सूचना करून जायचा. "तोफ खाली कशाला रे, बुरुजावर ने की." आम्ही न्यायचो. किल्ला तसाच सुधारत जायचा.

गेली नऊ वर्षं मी रेल्वेचे लेआउट करतोय. म्हणजे रूळ, स्टेशन, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा), सिग्नल, गाव, शेत, सगळं ठरलेल्या मापात लहान करून बांधायचं आणि त्यावरून गाडी चालवायची. त्यातली पहिली सहा वर्षं ही रेल्वे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत कुलपात होती. बायको, मुलगी आणि एक मित्र सोडला तर कुणी पाहिली नव्हती. दारावर 'हात लावू नये' अशी पाटीसुद्धा होती. आज मला मनापासून वाटतं, की ती सहा वर्षं मी अर्धाच छंद केला.

आधी मापाचं सांगतो, कारण आपल्या सोलापूर जिल्ह्यातली एक गंमत त्यातच आहे.

जगात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. खऱ्याच्या १:८७. साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरहून किंचित कमी होतो. या मापाचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. त्याला ८७ नं गुणा, १४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज, म्हणजे दोन रुळांमधलं तिथलं नेहमीचं अंतर. आपलं ब्रॉडगेज १६७६ चं. ते १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवं. त्यामुळे विकतच्या रुळावर सिद्धेश्वर एक्स्प्रेस ठेवली की ती नेहमी थोडी अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते. आपण सगळे हे चालवून घेतो. शिवाय लांबीचा प्रश्न. बावीस एलएचबी (नव्या धर्तीचे लांब) डबे या मापात सहा मीटर भरतात, म्हणजे वीस फूट. कुणाच्या घरात वीस फुटी प्लॅटफॉर्म बसतो? मग सहा-सात डब्यांवर भागवायचं.

आता बार्शी लाइट, म्हणजे आपल्याकडची जुनी छोटी रेल्वे घ्या. अडीच फुटी नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ केलं की ८.७६. आणि एन स्केलचा, म्हणजे एचओहून लहान मापाचा, विकत मिळणारा रूळ असतो ९ मिलिमीटरचा! फरक पाव मिलिमीटरचा. ज्या दिवशी कॅल्क्युलेटरवर हा आकडा पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. मोठमोठ्या एक्स्प्रेस गाड्या विकतच्या रुळावर नीट बसत नाहीत, पण आपली कुर्डुवाडीची छोटी गाडी अगदी बेतून केल्यासारखी बसते. डबे लहान, वळणं तीव्र चालतात, चार डब्यांची गाडी खोटी वाटत नाही. घर लहान असणाऱ्या माणसासाठी याहून चांगली रेल्वे नाही.

आणि ही रेल्वे काही साधीसुधी नव्हती. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी ती सुरू झाली. बार्शी रोड म्हणजेच आजचं कुर्डुवाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. त्याचं गणित साधं होतं: कोणत्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. भार सारखा वाटला की दर यार्ड (तीन फूट) लांबीला तीस पौंड वजनाचा हलका रूळ पुरतो आणि लाइन स्वस्तात होते. म्हणून लीड्सच्या किट्सन कंपनीकडून घेतलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाकं होती. (पुढं याच माणसानं वैमानिकांसाठी पॅराशूटही तयार केलं.) १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ मध्ये सरकारनं कंपनी विकत घेतली आणि नंतर एकेक तुकडा करत सगळी लाइन ब्रॉडगेज झाली. सोलापुरात मुख्य लाइन १८६० मध्येच आली होती, आणि गदगहून विजापूर, होटगीमार्गे मीटरगेज यायची. एका जिल्ह्यात तीन मापांचे रूळ!

असं असताना आपण काय बांधतो? बर्फाचे डोंगर, लाल कौलांची जर्मन घरं, बोगदे. मीही तेच बांधलं होतं. संचासोबत जे चित्र येतं तेच डोक्यात बसतं. त्या देशांतल्या लोकांनी ते बांधावं, त्यांच्या खिडकीबाहेर तेच आहे. हॅम्बुर्गला २००१ पासून मिनिएचर वंडरलँड नावाचा केवढा तरी मोठा एचओ लेआउट उभा आहे, आणि त्यात त्यांचं हॅम्बुर्ग आहेच. आपल्या खिडकीबाहेर काळी रानं, बाभळी, हरभरा, करडई. ते कोण बांधणार?

तर मी कुर्डुवाडी बांधायला घेतली, आणि लक्षात आलं की बहुतेक सामान सोलापुरातच पडलेलं आहे. खऱ्या रुळाखालची खडी साधारण ५० मिलिमीटरची असते, म्हणजे आपल्या मापात जेमतेम अर्धा मिलिमीटर. रव्याएवढी. खडी क्रशरवरून मूठभर काळी कच आणली. रव्याच्या चाळणीतून जी खाली पडली आणि पिठाच्या चाळणीत जी वर राहिली, ती घेतली. (दोन्ही चाळण्या घरात नवीन आणून दिल्या, हे सांगायला हवं.) कच रुळांमध्ये ब्रशनं पसरायची, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून वर तुषार मारायचा, मग अर्धं पाणी-अर्धा फेविकॉल ड्रॉपरनं थेंब थेंब सोडायचा. साबण नसेल तर थेंब वरच गोळा होऊन बसतो, आत मुरत नाही. रात्रभर वाळू द्यायचं. सांध्याजवळ मात्र हात आखडता घ्या. त्याची जीभ, म्हणजे सरकणारी रुळाची पट्टी, एकदा चिकटली की तो सांधा गेला.

गवतासाठी मागावरच्या वाया जाणाऱ्या सुताचे बारीक तुकडे. आणि शेतासाठी चक्क टेरी टॉवेल. मी टॉवेलच्याच कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे खोट निघून बाजूला काढलेले टॉवेल हाताशी असतात. चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, कापून चिकटवला की हुबेहूब ज्वारीचं रान. निदान मला तसं वाटत होतं.

आता खोलीचं कुलूप कसं निघालं ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, ऐन दुपारी, सरळ रूळ मधेच उचलला गेला. पत्र्याखाली खोलीची भट्टी झालेली, खालचं लाकूड वाळून आकसलेलं, वरचा रूळ तापून लांबलेला, आणि मी सगळे जोड एकमेकांना घट्ट भिडवलेले. डांबरी रस्त्याला यावा तसा फुगवटा आला होता. मी डोक्याला हात लावून बसलो. शेजारी एक काका आहेत, रेल्वेत गँगमन होते. पाण्याच्या टाकीसाठी गच्चीवर आले होते, उघड्या दारातून त्यांनी बघितलं आणि आत आले. पाटी वाचली की नाही कोण जाणे. गुडघ्यावर बसले, फुगवट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "फट कुठं ठेवलाव? रुळाला उन्हाळ्यात जागा लागती की."

तीस वर्षं ज्यांनी खऱ्या रुळावर हे काम केलं ते माझ्या भिंतीपलीकडे राहत होते, आणि मी मध्यरात्री परदेशी व्हिडिओ बघत होतो. आता जोड देताना दोन रुळांच्या मध्ये पोस्टकार्डाचा तुकडा धरतो, मग काढून घेतो. खालचं लाकूड बदलून प्लायवूड घातलं. त्यानंतरचे उन्हाळे नीट गेले. पाटी मी त्याच संध्याकाळी काढली.

त्या वर्षी गणपतीत सोसायटीच्या आरासीत कुर्डुवाडी मांडली. दहा दिवसांत मला जेवढं समजलं तेवढं सहा वर्षांत समजलं नव्हतं. मंगळवेढ्याकडचे एक पाहुणे शेताकडं बघून म्हणाले, "ही ज्वारी? एवढी बुटकी?" मी घरी येऊन मोजलं. टॉवेलचा लूप चार मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात पस्तीस सेंटिमीटर. तो हरभरा होता! ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाते, म्हणजे माझ्याकडं दोन सेंटिमीटरच्या वर हवी. आता ती नारळाच्या काथ्याची आहे, आणि टॉवेल हरभरा म्हणून सुखानं नांदतोय. मुलं येऊन कंट्रोलर मागायची. आधी जीव वरखाली व्हायचा, मग द्यायला लागलो. दुसरीतली एक मुलगी गाडी इतकी हळू आणायची की डबा बरोबर स्टेशनच्या दारासमोर थांबायचा. मला अजून तसं जमत नाही.

आणि गौरीच्या दिवशी एक आजोबा आले. ऐंशीच्या पुढचे, आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे वडील. कुर्डुवाडीच्या इंजिन शेडमध्ये नोकरी केलेले. हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, छान म्हणतील.

"तुझं इंजिन राख कुठं पाडतंय?"

माझ्याकडं शेड होती, पाण्याची टाकी होती, कोळशाचा ढीग होता. राखेचा खड्डाच नव्हता. इतक्या फोटोंत मी इंजिनं बघितली, त्यांच्या पायाखाली कधी बघितलं नाही. मग ते कोळशाकडं वळले. "एवढा कोरडा ठेवतात होय? पाणी मारायचो आम्ही. नाहीतर उडतो, डोळ्यात जातो." आणि बोलता बोलता त्यांचा हात पुढं आला, मूठ वळली, आणि त्यांनी फावडं फिरवलं. हातात काहीच नव्हतं. पण खांदा आधी गेला, मग कोपर, मग शेवटी मनगटाचा झटका. दोन-तीन वेळा. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या नंतर म्हणाल्या, "अण्णा घरात नोकरीचं कधी बोलत नाहीत हो."

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय. लेआउट हा बघण्यापुरता नसतो, तो विचारण्यासाठी असतो. म्हाताऱ्या माणसासमोर मोबाइल धरून 'आठवणी सांगा' म्हटलं तर ते संकोचतात. त्यांच्यासमोर त्यांचं यार्ड ठेवा, चुकीचं का असेना, ते बोट ठेवून सांगतात. पण सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. वाफेच्या इंजिनावर प्रत्यक्ष काम केलेली माणसं आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. आज बांधून दाखवलं नाही तर दहा वर्षांनी चुका कोण काढणार?

दाखवायचं तर लेआउट हलवता यायला हवा. म्हणून तुकड्यातुकड्यांत बांधा. जगभर हेच करतात. अमेरिकेत सत्तरच्या दशकात एनट्रॅक नावाच्या छंदी मंडळींनी ठरवलं की प्रत्येकानं आपला तुकडा घरी बांधायचा, कडेला रूळ मात्र ठरलेल्या जागी आणायचे. मग कुणाचाही तुकडा कुणालाही जोडता येतो. जपानी घरांसाठी टी-ट्रॅक नावाची तशीच पद्धत निघाली, त्याचा एक तुकडा जेमतेम एक फुटाचा, जेवणाच्या टेबलावर मावणारा. आपल्याकडं कोथरूडला भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून १९९८ मध्ये उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, ते लोकांसाठी उघडं आहे म्हणून तर माझ्यासारखे कितीतरी जण या नादाला लागले. सोलापूरकरांनो, जाऊन या एकदा, मुलांना घेऊन.

हाच छंद असलेल्या आम्ही तिघांनी आमच्यापुरतं असं ठरवलंय: तुकडा ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, रूळ ९ मिलिमीटरचा, दोन्ही कडांना बरोबर मध्यावर, टेबलापासून रुळाची उंची १० सेंटिमीटर, वीज १२ व्होल्ट. मधल्या जागेत तुम्हाला हवं ते. कुणी शेंद्री स्टेशन करा, कुणी पंढरपूरची आषाढीची गर्दी करा. इंजिनासाठी एन स्केलच्या छोट्या इंजिनाचा सांगाडा घ्यायचा आणि वर थ्रीडी प्रिंट केलेलं बाहेरचं कवच बसवायचं. आमच्याकडं कवचांचे जे साचे तयार आहेत ते फुकट देऊ. चुकलेल्या तुकड्यांचे फोटोही देऊ, कारण नुसते सुंदर फोटो बघून नवीन माणूस घाबरतो आणि सुरूच करत नाही. रुळाचा फुगवटा मी मुद्दाम कापून जपून ठेवलाय, येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी दाखवतो.

मागच्या महिन्यात वहिनींनी गुंडाळी आणून दिली. अण्णांनी पाठवली होती. जुन्या कॅलेंडरच्या पानामागं पेन्सिलनं काढलेलं यार्ड. कुठली लाइन शेडकडं जाते, सांधा कुठं, खड्डा कुठं, पाणी कुठं. रेघा थरथरत्या, पण सगळं जागच्या जागी. एका कोपऱ्यात फुली मारून लिहिलंय, 'इथं माझी पेटी असायची'.

त्या नकाशाप्रमाणे माझ्या शेडकडच्या दोन लाइनी चुकल्यात. काल दोन्ही उखडल्या, कच खरवडून काढली. रविवारी सकाळी नव्यानं टाकायला घेतोय. ज्यांना यायचंय त्यांनी या, घरात कुणी रेल्वेतलं असेल तर त्यांना घेऊन या. पेटी मी काडेपेटीच्या लाकडाची करतोय. तिचा रंग कोणता होता, तेवढं अण्णांना विचारायचं राहिलंय.