विवाल्डी, 432 हर्ट्झ आणि दम्याचा पंप : त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. थोडक्यात असा: इटलीचा थोर संगीतकार अंतोनिओ विवाल्डी याला जन्मापासून दमा होता, त्याने 432 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला 432 कंपनं) 'दैवी' सुरात 'फोर सीझन्स' रचून स्वतःचा दमा कायमचा घालवला, हे कळल्यावर नाझींनी त्याच्या वह्या दडपल्या आणि सगळ्या जगाचा वाद्यं जुळवायचा सूर 440 वर नेऊन आपल्याला आजारी पाडलं, आणि आता 1942 चं 'ओरिजिनल 432' रेकॉर्डिंग सापडलंय, ते रोज वीस मिनिटं ऐका, पंपाची गरज राहणार नाही. खाली लिंक, त्याखाली हात जोडलेले पाच इमोजी.

एरवी असल्या गोष्टी मी वाचून सोडून देतो. पण हा आत्याने पाठवला, आणि तिला स्वतःला दमा आहे, आणि फोन केला तर म्हणाली "अरे सकाळचा पंप बंद करून बघतेय, काही फरक पडत नाहीये." सकाळचा म्हणजे तो स्टिरॉइडचा, रोज घ्यायचा. तो घेतल्यावर लगेच काहीच जाणवत नाही, श्वासनलिकेची सूज तो हळूहळू आटोक्यात ठेवतो, म्हणूनच बंद केल्यावरही पहिले काही दिवस काहीच होत नाही आणि माणसाला वाटतं लिंकचा गुण आला. मग एक दिवस धूळ किंवा सर्दीचं निमित्त होतं आणि रात्री दोन वाजता रिक्षा शोधायची वेळ येते. म्हणून हे लिहितोय, आणि जरा रागातच लिहितोय.

तर पहिला मुद्दा, दमा बरा झाला हा. याला उत्तर खुद्द विवाल्डीनेच देऊन ठेवलंय. 16 नोव्हेंबर 1737 चं त्याचं पत्र आहे, मार्क्विस बेंतिवोलिओ नावाच्या सरदाराला लिहिलेलं. विवाल्डी तेव्हा 59 वर्षांचा, म्हणजे 'फोर सीझन्स' छापून बारा वर्षं झालेली. फेरारा शहरात त्याला ऑपेरा करायचा होता आणि तिथल्या कार्डिनलने, म्हणजे बड्या धर्मगुरूने, त्याला येऊ नको म्हणून कळवलं, कारणं दोन, एक तर हा पाद्री असून मास (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणत नाही आणि दुसरं म्हणजे आना जिरो नावाच्या गायिकेशी याची मैत्री. त्यावर विवाल्डी खुलासा करतो, की मास म्हणणं मी पंचवीस वर्षांपूर्वी सोडलं ते कुणी बंदी घातली म्हणून नाही, तर जन्मापासूनच्या दुखण्यामुळे. दीक्षा घेतल्यावर वर्षभर म्हटली, पण तीनदा मास अर्धवट टाकून वेदीवरून उतरावं लागलं. छाती आवळते, चालवत नाही, म्हणून बहुतेक घरातच असतो, बाहेर पडलो तर गोंडोल्यात (व्हेनिसच्या होडीत) नाहीतर घोडागाडीत. प्रवासाला सोबत चार-पाच बायका लागतात माझी काळजी घ्यायला, त्यामुळे खर्च फार होतो, हेही त्यातच आहे.

बरा झालेला माणूस साठीला टेकताना असं लिहितो? जगातल्या कुणी 'फोर सीझन्स'चे ते चार कॉन्चेर्तो (व्हायोलिनला ऑर्केस्ट्राची साथ असलेल्या रचना) त्याच्याइतके ऐकले नसतील, ते त्याच्या हातातले होते, आणि तरी त्याला चालवत नव्हतं!

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे पत्र अडचणीत सापडलेल्या माणसाने स्वतःची बाजू मांडायला लिहिलंय, थोडं मीठमसाला लावला असेल. माणूस मांतुआ, रोम, व्हिएन्ना असा फिरलेला होता, अगदी अंथरुणाला खिळलेला नव्हता. पण दुखणं खरं होतं असं धरायला जागा आहे. 4 मार्च 1678 ला व्हेनिसमध्ये जन्मला त्याच दिवशी सुईणीने घरीच त्याचा बाप्तिस्मा उरकला, कारण पोर जगेल याची खात्री नव्हती. चर्चमधले रीतसर विधी दोन महिन्यांनी, 6 मे ला झाले, आणि तिथल्या नोंदवहीत हे सगळं आहे. पुढे 28 जुलै 1741 ला व्हिएन्नात गेला, वय 63. 'दमा कायमचा घालवला' म्हणे.

दुसरा मुद्दा 432 चा. हर्ट्झ ज्याच्या नावावरून आला तो हाइनरिख हर्ट्झ जन्मला 1857 मध्ये, म्हणजे विवाल्डी जाऊन शंभरावर वर्षं झाल्यावर. ठीक आहे, नाव नंतरचं असलं तरी सूर असू शकतो, मान्य. पण कुठला सूर? तेव्हा गावागणिक पट्टी वेगळी. रोममध्ये बरीच खाली, आणि व्हेनिसमध्ये, जिथे विवाल्डी पिएता नावाच्या अनाथालयातल्या मुलींना व्हायोलिन शिकवायचा, तिथली पट्टी उंच म्हणून ओळखली जायची, साधारण आजच्या 440 च्या आसपास. म्हणजे ज्या सुराला फॉरवर्डवाले नाझींचं विष म्हणतायत, त्याच्या जवळपासच हा बाबा आयुष्यभर वाजवत होता. आणि आपल्याला तरी हे समजायला काय अवघड आहे, आपल्याकडे गाणारा आपल्या गळ्याला झेपेल तो सा घेतो, कुणी काळी एक, कुणी पांढरी पाच, म्हणून कुणाच्या यमनाने रोग झाला असं ऐकलंय का?

440 चं म्हणाल तर ते आकडे योहान शाइबलर या जर्मन माणसाने 1834 मध्येच मांडले होते, हिटलर जन्मायच्या 55 वर्षं आधी. 1939 मध्ये लंडनला परिषद झाली आणि तिथे 440 वर एकमत झालं हे खरं, जर्मनी त्यात होता हेही खरं, पण इंग्लंड, फ्रान्सही होते. एवढ्या अर्ध्या सत्यावर पूर्ण इमला चढवलाय.

वह्यांचं तर विचारूच नका. विवाल्डीची हस्तलिखितं दोनेकशे वर्षं विस्मृतीत होती, बरोबर. 1926 मध्ये इटलीतच पिएमोंतेमधल्या सालेशियन पाद्र्यांच्या एका शाळेत त्यांचा एक मोठा साठा निघाला, तोरिनोच्या आल्बेर्तो जेंतिली या प्राध्यापकाने तो ओळखला, आणि रोबेर्तो फोआ व फिलिप्पो जोर्दानो या दोघांनी आपापल्या वारलेल्या लहान मुलाच्या नावाने, 1927 आणि 1930 मध्ये, दोन भागांत विकत घेऊन तोरिनोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला. आजही तिथेच आहे. मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी दडपलं कुणाला? वह्यांना नाही, जेंतिलीला! तो ज्यू होता, 1938 च्या वंशकायद्यांनी त्याचं विद्यापीठातलं काम गेलं. फॉरवर्डमध्ये त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. आणि 'फोर सीझन्स'चा तर त्या साठ्याशी संबंधच नाही, ते 1725 मध्ये आम्स्टरडॅमला छापून विकायला आलेले होते.

आता ते '1942 चं ओरिजिनल'. असं रेकॉर्डिंग आहे, बेर्नार्दिनो मोलिनारी या कंडक्टरने रोमच्या सांता चेचीलियाच्या ऑर्केस्ट्राबरोबर चेत्रा कंपनीसाठी केलेलं. सहा तबकड्या, बारा बाजू, दर चार-पाच मिनिटांनी उठून बाजू बदलायची. पण ते 'मूळ' कसलं, मोलिनारीने स्वतः संपादन केलेली आवृत्ती आहे ती, भरघोस आणि संथ, विवाल्डीला ओळखू आली असती की नाही कुणास ठाऊक. आणि खरी गंमत तबकडीतच आहे. मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी वाजवताना वेग जरा कमी केला की सूरही तेवढाच उतरतो. 440 वर वाजवलेलं 432 वर आणायला 78 ऐवजी साधारण 76.6 फेऱ्या पुरतात, म्हणजे मिनिटाला दीड फेरीसुद्धा नाही. जुन्या मशिनींचे वेग एवढे तरी इकडेतिकडे असायचेच. त्यामुळे यूट्यूबवरची फाइल मोजून '432 निघाले' म्हणणं म्हणजे ती फाइल बनवणाऱ्याने मशीन किती वेगाने फिरवलं तेच मोजणं. बरेचदा तर तेही नसतं, कॉम्प्युटरवर पट्टी उतरवून टाकलेली असते.

गाणं ऐकून बरं वाटतं का, तर वाटतं. 'फोर सीझन्स'पैकी 'विंटर'चा मधला संथ भाग ऐकून धावपळीतला माणूस शांत बसतो, श्वासही जरा सावकाश होतो, यात मी वाद घालणार नाही. आत्याने जरूर ऐकावं, पंप घेऊन ऐकावं, आणि बंद करायचा की नाही ते तिच्या डॉक्टरांना विचारावं.

आणि जुनंच ऐकायचं असेल तर मोलिनारीच्या जोडीला लुई कॉफमन या अमेरिकन व्हायोलिनवादकाचं ऐका. डिसेंबर 1947 च्या शेवटच्या दिवसांत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालंय, घाईत, कारण 1 जानेवारीपासून तिथल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी पुकारली होती. फ्रान्सचं ग्रां प्री द्यु दिस्क हे रेकॉर्डिंगचं बक्षीस त्याला 1950 मध्ये मिळालं. हे चार कॉन्चेर्तो बारांच्या संचातले आहेत हे कॉफमनला नंतर कळलं, तेव्हा त्याने उरलेले आठ शोधून काढले आणि 1950 मध्ये झ्युरिकला तेही रेकॉर्ड केले. त्या आठांसाठी कुणी फॉरवर्ड काढत नाही, ते ऐका.